पाळी जाऊन १७ वर्षं झाल्यावर ओटीपोटात पू : आईच्या ऑपरेशनबद्दल विचारायचं आहे

सुरंगी_फोंडा · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी इथे नेहमी वाचून जाते, धागा पहिल्यांदाच काढतेय. कुठे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ६७ वर्षांची. पाळी जाऊन १७ वर्षं झाली, बाबांना जाऊन १४. मधुमेह जुना आहे, गोळ्या चालू आहेत. गेले तीनेक महिने डाव्या बाजूला ओटीपोटात दुखतं म्हणत होती. पोट कधी साफ व्हायचं नाही, कधी एकदम पातळ. वायू धरला असेल म्हणून आम्ही ओवा-हिंगावर भागवलं. चवथीला नेवऱ्या करताना पाटावरून उठली तेव्हा तिने डावी कूस हाताने घट्ट दाबून धरली होती. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मग परवा परसात अबोलीच्या वाफ्यामागे दोरीवर एक जुनी साडी दिसली. ती काढायला गेले तर तिच्याखाली तीन सुती फडकी वाळत घातलेली. धुतलेली, पण पिवळट डाग तसेच. विचारलं तर म्हणाली, "कांय ना गो, वयाचं असतं." त्याच रात्री थंडी वाजून ताप चढला.

सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. डाव्या बीजांडाला (अंडाशयाला) आणि बीजवाहक नळीला धरून ७ सेंटिमीटरचं गळू, आत पू. शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात, ताप थोडा बसला की पिशवी आणि दोन्ही बीजांडं काढून तपासणीला पाठवू.

पाळी गेल्यावर इतक्या वर्षांनी आत पू होतोच कसा? आणि औषधाने जात असेल तर या वयात एवढं मोठं ऑपरेशन कशाला?

आणखी एक, लिहायला जड जातंय. वहिनीने मोबाइलवर वाचलं की हा आजार शरीरसंबंधातून होतो. ती बोलली काही नाही, पण भावाला दाखवलं. भाऊ दोन दिवस इस्पितळात आईच्या खाटेजवळ बसत नाही, बाहेर बाकड्यावर बसतो. आईला कळलंय. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

तिसवाडीकर · सोमवार, रात्री ९.५८

ताई, आई लवकर बरी होवो. तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

जुनी_परिचारिका · सोमवार, रात्री १०.२५

सुरंगी, मी ३१ वर्षं स्त्रियांच्या वॉर्डात काम केलं. आधी तुमच्या भावाला सांगा, आत जाऊन आईचा हात धर.

तरुण बायकांमध्ये हे इन्फेक्शन बहुतेकदा संबंधातून चढतं, हे खरं. मोबाइलवर तेच आधी दिसतं कारण रुग्ण बहुतेक त्याच वयाच्या असतात. पाळी गेलेल्या बाईत हा आजार मुळात कमी, आणि झाला तर कारणं बहुधा वेगळी. या वयातल्या पुवात सापडतात ते जंतू बहुतेक आपल्याच आतड्यातले असतात, ई-कोलाय आणि हवेशिवाय वाढणारे दुसरे. आतड्याला सूज येऊन ते शेजारच्या बीजांडाला चिकटलं, अपेंडिक्स फुटलं, पिशवीचं तोंड वयाने आक्रसून आतला स्राव साठला आणि सडला, वर्षानुवर्षं तांबी आत राहिली, पिशवीची बायोप्सी किंवा असं काही केल्यावर जंतू वर गेले, अशी अनेक कारणं मी पाहिली. मुळाशी कॅन्सर असू शकतो. आपल्याकडे क्षयरोगही असतो. आणि मधुमेह असला की साधं गळूसुद्धा लवकर आटोक्यात येत नाही.

पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, योनीची आतली कातडी पातळ पडते, आणि तिथे राखण करणारे चांगले जंतूही कमी होतात. म्हणून लघवीची जळजळ वगैरे या वयात वाढते. पण वास येणारा पिवळा स्राव, ताप, रक्ताचा डाग यांतलं काहीही "वयाचं" नसतं.

ती फडकी साडीखाली वाळत घालणं वाचून गलबलून आलं. वॉर्डात आलेल्या कितीतरी बायकांनी असंच महिनोन्महिने अंगावर काढलेलं असायचं.

मांडवीकाठ · सोमवार, रात्री ११.१०

आमच्या सासूबाईंचं सांगते. वय ७८. वास मारणारा स्राव, कंबर दुखणं, भूक गेलेली. दोन ठिकाणी लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "आजी, पूर्वी काही बसवलं होतं का?" सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, धाकट्याच्या वेळी लूप घातला होता. धाकटा दीर आता पन्नाशीचा आहे!

एक्स-रे काढला. ओटीपोटात इंग्रजी एससारखी वळणावळणाची प्लास्टिकची पट्टी स्वच्छ दिसत होती. सरकारने १९६५ मध्ये कुटुंबनियोजनात लूप आणला, त्या काळातल्या बायकांनी तो घेतला आणि पाळी गेल्यावर कुणीच काढायला सांगितलं नाही. पिशवीत पू साठला होता. भूल देऊन तोंड मोठं केलं, पू काढला, लूप काढला, आतला तुकडा तपासला. ॲक्टिनोमायसिस नावाचे जंतू निघाले, ते अशा जुन्या लूपवर बसतात म्हणे. पेनिसिलिनच्या जातीचं औषध कित्येक महिने घ्यावं लागलं. आता ठणठणीत आहेत, परसातले नारळ स्वतः मोजून घेतात.

सुरंगी, आईला एकांतात विचार.

सुरंगी_फोंडा · मंगळवार, सकाळी ७.१५

विचारलं. तांबी नव्हती, माझ्यानंतर ऑपरेशनच केलं होतं. पण विचारल्यावर बोलायला लागली. स्राव दोन महिने होता म्हणाली. "तुला सांगून तू भिणार." जुनी_परिचारिका ताई, तुमचं लिहिलेलं भावाला पाठवलंय. अजून काही बोलला नाही.

बेतूलचा_वारा · मंगळवार, सकाळी ८.३०

माझं मत थोडं वेगळं आहे. ६७ वय, मधुमेह, त्यात पोट उघडणार. माझ्या चुलतभावाच्या यकृतात गळू झालं होतं, सोनोग्राफीत बघत सुई घालून नळी टाकली, आठ दिवसांत घरी. नळीने पू निघत असेल तर पिशवी कशाला काढायची? आजकाल प्रत्येक गोष्टीला ऑपरेशन सांगतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पेडण्याची_माई · मंगळवार, सकाळी १०.०५

वाऱ्या, दुसरं मत घ्यावं हे मान्य. पण यकृतातलं गळू आणि हे एक नव्हे.

माझी मावशी, ७२ वर्षांची. नळी टाकून पू काढला, ताप उतरला, सगळ्यांनी देवाला नारळ ठेवला. सहा आठवड्यांनी दाखवायला बोलावलं होतं, तर बरं वाटतंय म्हणून आम्ही गेलोच नाही. चूक आमचीच. पाच महिन्यांनी पोट फुगलं. बीजांडाचा कॅन्सर होता, पू त्याच्याच आत झाला होता. मावशी त्यानंतर दीड वर्ष जगली.

ऑपरेशन कराच असं मी म्हणत नाही. पू गेला म्हणजे आजार गेला असं धरू नका, एवढं सांगायचं आहे.

केळशीची_काकी · मंगळवार, सकाळी ११.४०

त्रिफळ्याच्या काढ्याने आतून धुतलं की स्राव थांबतो, आमच्या आजीने कितीकांना सांगितलं होतं. सोबत गरम पाण्याची पिशवी.

जुनी_परिचारिका · मंगळवार, दुपारी १२.१५

काकी, आजीने मायेनेच सांगितलं असणार. पण आतून धुवू नका, कशानेही नाही, काढ्याने, डेटॉलने की नुसत्या पाण्यानेही. धुण्याने चांगले जंतू जातात आणि घाण वर ढकलली जाते. शेकाने घटकाभर बरं वाटतं आणि दाखवायला जाणं लांबतं. पोटात पू असताना एक-एक दिवस मोलाचा असतो, गळू आत फुटलं तर सबंध पोटात पसरतं.

ओवी_साखळी · मंगळवार, दुपारी २.५०

मला एक खटकतंय ते बोलते, राग मानू नका.

आपण सगळे सुरंगीच्या आईला "तसलं काही नाही" म्हणून सोडवतो आहोत. त्यांच्या बाबतीत ते खरंच असेल. पण उद्या एखाद्या साठीच्या बाईला नवऱ्याकडून किंवा आणखी कुणाकडून इन्फेक्शन झालंच, तर तिने काय करायचं? तिने आपला हा धागा वाचला तर तिला एवढंच कळेल की निर्दोष असशील तरच खाटेजवळ बसणारं माणूस मिळेल. मग तीही फडकी साडीखालीच वाळत घालेल.

भावाने आत जाऊन बसावं ते आई आहे म्हणून. जंतू कुठून आला याचा निकाल लागेपर्यंत कशाला थांबायचं?

जुनी_परिचारिका · मंगळवार, दुपारी ३.२०

ओवी, खरं आहे. मी हे आधी लिहायला हवं होतं. पाळी गेली म्हणजे संबंध थांबतात असं नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगावं, औषध त्यावर ठरतं. आजाराचं कारण शोधायचं असतं म्हणून ते विचारतात. वॉर्डात विचारतानासुद्धा नातेवाइकांना बाहेर काढायला हवं. मी काढायची.

स्त्रीरोग_डिचोली · मंगळवार, रात्री १०.३०

दिवसभर ओपीडीत होतो, आता वाचलं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. रुग्ण न तपासता सल्ला देता येत नाही, पण सुरंगीताईंच्या डॉक्टरांचा विचार काय असावा ते सांगतो.

पंचविशीतल्या मुलीला असं गळू झालं तर आम्ही बीजांड वाचवायला धडपडतो. आधी अँटिबायोटिक, ४८ ते ७२ तास वाट, गरज पडली तर नळी. पाळी गेलेल्या बाईत दोन गोष्टी बदलतात. वाचवायला बीजांडाचं काम उरलेलं नसतं, आणि गळवाखाली कॅन्सर लपलेला असण्याची शक्यता तरुणींपेक्षा बरीच जास्त असते. सीटीवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. सीए-१२५ हा रक्ताचा आकडा कॅन्सरमध्ये वाढतो तसा पू झाल्यावरही वाढतो, त्यामुळे त्यावरून घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कळतं. काही ठिकाणी ऑपरेशन चालू असतानाच घाईची तपासणी करून पुढचं ठरवतात.

बेतूलच्या वाऱ्यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. हृदय कमजोर आहे, भूल झेपणार नाही, जंतू रक्तात गेलेत, अशा वेळी आधी नळी टाकून जीव सावरणं हेच बरोबर. पण गाठ कॅन्सरची असण्याची शंका असेल तर तिच्यात सुई घालायला आम्ही बिचकतो, पेशी बाहेर सांडायची भीती असते. आणि नळीने भागलं तरी पुढच्या तपासण्या सोडायच्या नाहीत. माईंच्या मावशीचं दुःख त्यातलंच आहे.

डॉक्टरांना विचारा : पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी किती आहे? पाळी गेल्यावर रक्त जात असेल आणि अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याचा तुकडा घ्यावाच लागतो. किडनीचं क्रिएटिनिन काय आहे? सीटीच्या औषधानंतर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू ठेवायची की काही काळ थांबवायची, ते त्यावर ठरतं. आतड्याचा सर्जन सोबत असेल का? अशा ऑपरेशनमध्ये आतडं चिकटलेलं असतं, ते सोडवताना दुसरा हात हाताशी लागतो.

वाळपई_मास्तर · बुधवार, सकाळी ६.५०

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य वाचून मी पुन्हा वर गेलो. सुरंगीबाय, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय : दुखणं डाव्या बाजूला, पोट कधी घट्ट कधी पातळ. तीन महिने. हे इस्पितळात सांगितलंत का?

मला स्वतःला डायव्हर्टिक्युलायटिस झाला होता. मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयाने छोट्या छोट्या पिशव्या फुटतात, त्यांतली एखादी सुजते, कधी फुटते. नेमकं डाव्या बाजूला खाली. मलाही महिनाभर वायूच वाटला होता. बाईच्या पोटात त्याला लागून डावं बीजांडच असणार ना? मी मास्तर, डॉक्टर नव्हे. पण सांगा त्यांना.

स्त्रीरोग_डिचोली · बुधवार, सकाळी ७.३०

मास्तर, अगदी नेमकं. आजच सांगा, ताई.

सुरंगी_फोंडा · बुधवार, रात्री ८.१०

नव्हतं सांगितलं. आम्हाला ते वेगळं दुखणं वाटलं. केसपेपरवर फक्त "ओटीपोटात दुखणे, ताप, स्राव" एवढंच होतं. आज सांगितल्यावर डॉक्टरांनी सीटी पुन्हा उघडून रेडिऑलॉजिस्टना दाखवला. डाव्या बाजूच्या आतड्याला पिशव्या आहेत आणि एक भाग गळवाला चिकटलेला दिसतोय. आतड्याच्या सर्जनना बोलावलंय. ताप तिसऱ्या दिवशीही १०१. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, १०.२. इन्सुलिन सुरू केलंय. साखर जरा खाली आली की शुक्रवारी ऑपरेशन. मी सही केली.

भाऊ आज संध्याकाळी आत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, मग पेजेची वाटी घेऊन बसला. काही बोलला नाही. ओवी, तुझी पोस्ट मी त्याला मोठ्याने वाचून दाखवली होती.

तिसवाडीकर · बुधवार, रात्री ९.००

१०.२! ताई, घरोघरी हेच आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एक. आमच्या वाड्यावर साखर मोजायला यंत्र आहे, पण मोजलेली साखर कुणी डॉक्टरला दाखवत नाही.

जुनी_परिचारिका · बुधवार, रात्री ९.२०

त्यात आणखी एक. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. गोळ्या चांगल्या आहेत, पण त्यांनी तिथे बुरशीची खाज येऊ शकते. बायका लाजून सांगत नाहीत किंवा गोळीच बंद करतात. दोन्ही करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि अंग बाहेर येतं म्हणून ज्यांना आतून रिंग बसवलेली असते त्यांनी ती ठरल्या वेळी काढून, धुऊन, तपासून घ्यायची. विसरलेल्या रिंगनेही आत जखम होऊन पिकतं. तांबी ३८० ए जातीची असेल तर तिचं आयुष्य १० वर्षं. पाळी गेली की काढून घ्यायची.

काणकोणची_वाट · गुरुवार, सकाळी ९.१५

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर ते चालू आहे का, आजच बघा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख अशी तरतूद आहे. आमचं कार्ड नूतनीकरणाविना पडून होतं, ते नेमकं वेळेला कळलं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यायचं असेल तर आधीचे सगळे कागद आणि सीटीची सीडी सोबत न्या, तपासण्यांचा वेळ वाचतो.

बेतूलचा_वारा · गुरुवार, सकाळी १०.००

सुरंगीताई, मी घाईत लिहून गेलो होतो. डॉक्टरांचं वाचून कळलं. रक्त लागलं तर सांगा, माझा गट बी पॉझिटिव्ह आहे, मडगावहून तासाभरात पोचतो.

सुरंगी_फोंडा · शुक्रवार, रात्री ११.०५

झालं. साडेतीन तास. आतडं बीजांडाला चिकटलेलंच होतं. सर्जननी सोडवलं, तुकडा कापावा लागला नाही. पुवाचा वास ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आला होता, असं आतून आलेली सिस्टर म्हणाली. पोटात एक नळी ठेवलीय. शुद्धीवर आल्यावर आईने पहिलं विचारलं, "भाऊ जेवलो?" भाऊ जिन्यात जाऊन रडला.

वाऱ्या, तुमचे फार आभार. रक्त लागलं नाही.

मांडवीकाठ · शुक्रवार, रात्री ११.३०

देव पावला. आता तुकड्याच्या रिपोर्टची वाट.

सुरंगी_फोंडा · बारा दिवसांनी, सायंकाळी ६.२०

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, क्षय नाही. आतड्याच्या सुजेतून बीजांडात पू. मास्तर, तुमचं बरोबर निघालं. सहा आठवड्यांनी दुर्बिणीने आतडं आतून बघायचंय, तारीख कॅलेंडरवर भावाने स्वतः लिहिलीय, माईंच्या मावशीचं वाचून. आई घरी आहे. डाळ-भातावर कंटाळलीय, सुंगटांचं हुमण कधी म्हणून रोज विचारते.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला आले. काल शेजारच्या बायका आईला बघायला आल्या. "कितें जालें गो?" म्हणून विचारलं. मला वाटलं, आता ती पोटाचं ऑपरेशन म्हणून उडवून लावणार. तिने सगळं सांगितलं. स्राव होता, लपवला, पू झाला, पिशवी काढली. फडक्यांचंसुद्धा. बायका गप्प बसून ऐकत होत्या. सगळ्या गेल्या, एक तेवढी मागे राहिली. वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षं. श्रावणापासून मधूनमधून तांबूस डाग पडतो म्हणाली. घरात कुणाला ठाऊक नाही. आईने मला हाक मारली. तिला कधी आणि कसं न्यायचं?

जुनी_परिचारिका · सायंकाळी ६.३५

उद्याच. आठच्या आधी केसपेपर काढा. घेत असतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुना कुठलाही कागद सोबत. तांबी, लूप, रिंग कधी बसवली होती का ते आजच विचारून ठेवा. सकाळी डाग पडलेला असला तरी तसंच न्या, थांबायचं नाही. दुखत नाही म्हणाल्या तरी न्या.

स्त्रीरोग_डिचोली · सायंकाळी ७.०५

आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतील. तुकडा घ्यायचा म्हणाले तर घाबरू नका म्हणावं, पुष्कळदा साधंच कारण निघतं. पण बघायलाच हवं.

सुरंगी_फोंडा · सायंकाळी ७.२०

विचारलं. तांबी आहे. दुसऱ्या मुलीनंतर बसवलेली, ती मुलगी आता पस्तिशीची. सकाळी सहाला निघतोय. भाऊ गाडी काढतो म्हणालाय.